सुपारी थांबली, वर्गणी कुठे गेली?

२०२१ मध्ये, करोनाच्या निर्बंधांच्या काळात, धुळे-जळगावच्या शिवेवरच्या एका गावातून हे पत्र आलंय. नाव-गाव अर्थातच देत नाही. लिहिणारे छत्तीस वर्षांचे आहेत, एका पतसंस्थेत नोकरीला आहेत आणि गावातल्या मित्रमंडळाचे खजिनदार आहेत. गावात तमाशात, बेंजो पार्टीत काम करणारी अकरा घरं. सोंगाड्याचं काम करणारे अठ्ठावन्न वर्षांचे एक ज्येष्ठ, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं. त्यांचा ढोलकी वाजवणारा मुलगा, फडात, म्हणजे तमाशाच्या मंडळीत, नाचणाऱ्या दोघी बहिणी, बाकी वाजवणारी पोरं. दीड वर्ष सगळ्यांचं काम बंद आहे. मागच्या वर्षी मंडळाने त्यांना किराण्याची पिशवी दिली, फोटो काढून स्टेटसला ठेवले. आप्पांनी नातवाच्या हाती पिशवी परत पाठवली आणि दुसऱ्या दिवशी पत्रलेखकाच्याच शेतात रोजाने निंदायला आले.

गणपती साधेपणाने झाल्याने मंडळाकडे दोन वर्षांचे मिळून ४६ हजार रुपये शिल्लक आहेत. ते या घरांना द्यावेत यावर एकमत आहे, कसे द्यावेत यावर नाही. काही म्हणतात, पुन्हा पिशव्याच द्या. काही म्हणतात, शिलाई मशीन, भाजीच्या हातगाड्या घेऊन द्या, म्हणजे कायमचं काम लागेल. रोख द्यायला बहुतेकांचा विरोध, कारण 'दारूत जाईल'. आप्पा फक्त एवढंच म्हणाले, "माले पिशवी नको भाऊ, सुपारी दे." सुपारी म्हणजे ठरवलेला कार्यक्रम आणि त्याची बिदागी. त्यांनी एका खासगी सावकाराकडून महिना पाच टक्क्यांनी वीस हजार घेतल्याचंही कळलंय. पत्रलेखक विचारतात, "कार्यक्रमालाच बंदी असताना सुपारी कशाची देणार? आप्पांचा हा अहंकार नाही का? आणि निदान त्यांच्या मुलाला तरी हे सोड असं मी स्पष्ट सांगावं का?"

भाऊ,

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. पिशवी परत आली आणि दुसऱ्याच दिवशी आप्पा तुमच्या वावरात निंदायला आले. अहंकारी माणूस असं करत नाही. ज्यांनी पन्नास गावांत रात्रभर लोकांना हसवलं ते अख्ख्या गावासमोर कमरेत वाकून निंदत होते, आणि संध्याकाळी तुमच्याकडून रोज घेताना त्यांना काही कमीपणा वाटला नाही. त्यांना खटकली ती दारात उभी राहून फोटो काढणारी पोरं. तांदूळ, तेल, साखर यांच्याशी त्यांचं भांडण नव्हतं. स्टेटसवर पिशवी घेतलेला आप्पा तालुकाभर फिरला असता आणि उद्या तंबूत ते पाटलाची नक्कल करायला उभे राहिले असते, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एखाद्याने ओरडून पिशवीची आठवण करून दिली असती. सोंगाड्याची सगळी कमाई तोंडावर आणि रुबाबावर चालते. तो राखणं त्यांच्यासाठी धंद्याचा भाग आहे.

आता तुमच्या ४६ हजारांकडे येऊ. हे पैसे शिल्लक कसे राहिले? मंडप नाही, मिरवणूक नाही, बेंजो नाही म्हणून. म्हणजे एरवी यातला बराचसा भाग तुमच्याच गावच्या, नाहीतर शेजारच्या गावच्या वाजवणाऱ्यांच्या हातात गेला असता. गावच्या यात्रेचंही तेच. घरटी वर्गणी निघते, त्यातून तमाशा ठरतो, तगतरावाचा (मिरवणुकीच्या सजवलेल्या गाडीचा), कुस्त्यांचा खर्च होतो. ही वर्गणी २०२० ला निघाली नाही, २०२१ ला निघाली नाही. कलावंतांचं काम बंद पडलं याचा दुसरा अर्थ असा की गावाचा तेवढा खर्च वाचला. हे तुमच्या मंडळात कोणी बोललेलं दिसत नाही. तुम्ही 'मदत कशी करावी' असं विचारताय. मी खजिनदार असते तर आधी विचारलं असतं की वाचलेल्या पैशांतला त्यांचा वाटा किती.

काळही असा गाठला की काही शिल्लक राहू नये. २०२० चा गुढीपाडवा आणि देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवस एकच, २५ मार्च. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला होता आणि १४ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यात पुन्हा निर्बंध लागले. तमाशाचं वर्ष ज्या दिवसांवर उभं असतं, ते पाडव्यापासून आखाजीपर्यंतचे (म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतचे) आणि त्यापुढचे काही दिवस दोन्ही वर्षं नेमके हातचे गेले. मधल्या काळात नाट्यगृहं निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पण तंबूतल्या तमाशाला त्याचा काय उपयोग? त्याला सारंगखेड्याचा घोडेबाजार लागतो, बोरीच्या पात्रात भरणारी अमळनेरची यात्रा लागते, गावोगावच्या देवाचे उत्सव लागतात. गर्दी हाच ज्यांचा बाजार, त्यांना गर्दीच मना झाली.

"कार्यक्रमच नाही तर सुपारी कशाची" याचं उत्तर आप्पांच्या धंद्यातच आहे. फडात उचल चालते, हे तुम्हाला ठाऊक असेल. दसऱ्याला फड बाहेर पडायच्या आधी, पावसाळ्याच्या तंगीत, फडमालक कलावंताला रक्कम देतो आणि कलावंत ती पुढच्या हंगामात काम करून फेडतो. त्या चार महिन्यांत घरं उचलीवरच चालतात. फडमालक ती रक्कम बहुधा स्वतः कर्जाने आणतो आणि यात्रांच्या सुपाऱ्यांतून फेडतो. दोन हंगाम बुडाल्यावर त्याचीच पत संपली, मग उचल कोण देणार? आप्पा तुमच्याकडे जे मागताहेत ते असं सरळ आणि व्यवहाराचं आहे: काम नंतर घ्या, बिदागी आत्ता द्या.

तेव्हा माझा सल्ला असा की मंडळाने हे पैसे उचल म्हणूनच द्यावेत. ४६ हजारांत पूर्ण फड येत नाही, तो आणायचाही नाही. तुमच्या अकरा घरांतच गण, गौळण, बतावणी आणि एक छोटा वग उभा राहील एवढी माणसं आहेत. परवानगी मिळेल तेव्हा, मारुतीच्या पारावर का होईना, एक रात्र त्यांची. त्याचा करार आत्ता करा, पैसे आत्ता द्या. मंडळाच्या किंवा यात्रा समितीच्या कागदावर लिहा: कार्यक्रमाचं नाव, कलावंतांची नावं, प्रत्येकाची रक्कम. तारीख मोकळी ठेवा.

पण उचलीला एक वाईट बाजूही आहे, ती तुमच्या करारात शिरू देऊ नका. उचल फिटली नाही म्हणून वर्षानुवर्षं एकाच फडाला बांधली गेलेली माणसं आहेत. म्हणून दोन अटी ठळक लिहा. तिसरी लाट आली, बंदी वाढली, कार्यक्रम झालाच नाही, तर पैसे परत मागायचे नाहीत. आणि त्या दिवशी एखाद्याला दुसरीकडे मोठी सुपारी मिळाली तर त्याला अडवायचं नाही, त्याने बदली माणूस द्यावा. या अटी तोंडी ठेवल्या तर दोन वर्षांनी मंडळ बदलेल आणि कोणीतरी आप्पांच्या दारात वसुलीला जाईल.

वाटणी कशी करायची हे तुम्ही ठरवू नका. फडात सगळ्यांना सारखे पैसे कधीच मिळत नाहीत. सोंगाड्याचे वेगळे, नाचणारीचे वेगळे, मागे सूर धरणाऱ्या झिलकऱ्याचे वेगळे. पण ही वेळ निराळी असल्याने ते कदाचित खाणारी तोंडं मोजून वाटून घेतील. तुमच्या पत्रात मंडळातली तीन मतं आहेत आणि तिन्ही मतं न नाचणाऱ्यांची, न वाजवणाऱ्यांची. पुढच्या बैठकीला त्या अकरा घरांतून एकेक माणूस बोलवा आणि चहा ते आणणार नाहीत एवढं बघा.

दारूबद्दल थोडक्यात. कापसाचे पैसे आले की गावात कोण कुठे जातो हे तुम्हालाही माहीत आहे. तरी व्यापारी शेतकऱ्याला कापसाच्या पैशांऐवजी तेलाची पिशवी देत नाही. ज्या घरात खरंच पिण्याचा त्रास आहे तिथे रक्कम घरच्या बाईच्या खात्यात टाका. बाकी दहा घरांना त्याची शिक्षा नको.

शिलाई मशीन आणि हातगाडीमागची भावना चांगली असली, तरी तिच्यात एक गृहीतक आहे की या लोकांना दुसरं काम येत नाही, किंवा करायचं नाही. आप्पा तुमच्याच शेतात निंदत होते! खान्देशातला बहुतेक कलावंत पावसाळ्यात शेतमजूरच असतो. आखाडात फड उतरला की निंदणी, पुढे दसऱ्यापर्यंत मिळेल ते, रावेर-यावलकडे केळीचे घड वाहायलाही जातात. दुसरं काम त्यांच्याकडे आधीपासून आहे. त्या रोजावर पोट भरतं, पण मुलीचं लग्न, घराचे पत्रे, औषधपाणी, व्याज हे यात्रांच्या पैशांतून निघायचं. ते निघालं नाही म्हणून अडचण आहे. अकरा घरांत अकरा मशीन देऊन तुमच्या गावात शिवायला कपडे कुठून येणार, हाही प्रश्न आहेच. कोणी स्वतः होऊन मागितलं तर जरूर द्या.

त्यापेक्षा एक गोष्ट चौकशी करून बघा. कोणाचं वाद्य गहाण पडलंय का? कीबोर्ड, अॅम्प्लिफायर, हलगी, दोघी बहिणींचे चाळ, शालू? आप्पांच्या मुलाची ढोलकी दीड वर्ष खुंटीला असेल तर दोन पावसाळ्यांत पुडी ढिली पडली असणार, शाई तडकली असणार. दोरी कितीही आवळली तरी ती बोलणार नाही. हंगाम उघडला की फडमालक तयार वाद्यवाला बघतो. ज्याचं वाद्य सावकाराकडे, तो त्याच फडात सामान उचलायला जातो आणि निम्म्या पैशावर राबतो. गहाण सोडवणं आणि पुड्या बदलणं यावर काही रक्कम खर्च झाली तर ती पिशवीपेक्षा लांब पुरेल. तेवढी वाटणीआधी बाजूला काढा.

मुलाला "हे सोड" म्हणावं का? तो तुम्हाला विचारायला आला होता का? आला असता तर तुम्ही पत्रात लिहिलं असतंत. तो बाविशीचा असो की तिशीचा, गेले अठरा महिने रोज रात्री तो हाच विचार करत असणार. त्याला तुमचं मत नवं नाही. पतसंस्थेतल्या माणसाकडून त्याला कर्ज कुठे मिळेल, गाडी चालवायचं शिकाऊ लायसन कसं काढायचं, हे कळलं तर उपयोग. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० असे दोनदा राष्ट्रपतींचे सन्मान मिळाले आणि २००२ मध्ये त्या गेल्यावर दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भरलं. हा इतिहास तमाशातल्या पोराला पाठ असतो. तरीही तो ढोलकी सोडत नसेल तर त्याने हिशेब करूनच ठरवलंय असं समजा.

तुमचा खरा उपयोग मला पैशापेक्षा कागदपत्रांना दिसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ५६ हजार एकल कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये एकवेळ मदत मंजूर केली. पाच हजार भागिले अठरा महिने, म्हणजे महिन्याला पावणेतीनशेच्या आसपास रुपये. तरी सोडायचे कशाला? अडचण पुराव्याची आहे. पंधरा वर्षं या क्षेत्रात असल्याचा दाखला लागतो, आणि तमाशातल्या माणसाकडे नेमणुकीचं पत्र नसतं. मग पेटी उघडायला लावा. जुनी हँडबिलं, ज्यावर आप्पांचं नाव 'विनोदाचा बादशहा' वगैरे छापलेलं असेल. पोलीस ठाण्याच्या परवानगीची प्रत, गावोगावच्या यात्रा समित्यांच्या पावत्या, कॅसेटचं कव्हर, वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण, फडमालकाच्या वहीतलं पान. सगळ्याच्या झेरॉक्स काढा. तुमच्या ग्रामपंचायतीने यात्रेत त्यांना कधी पैसे दिले असतील तर ग्रामसेवकाकडून तसा दाखला मागा. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक. "मी करून देतो, हजार माझे" म्हणणारा एजंट तालुक्याला उभा असेलच. तिथे तुम्ही मध्ये पडा.

हीच फाइल आप्पांसाठी दुसरीकडेही चालेल. वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन योजनेला २०२१ च्या नियमांनुसार पन्नाशी पूर्ण झालेली लागायची, वार्षिक उत्पन्न ४८ हजारांच्या आत लागायचं. स्थानिक गटातल्या कलावंताला तेव्हा महिना २,२५० रुपये मिळायचे आणि माणूस गेल्यावर जोडीदाराला पुढे चालू राहायचे. अर्ज पंचायत समितीत द्यायचा, पुढे तो जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जातो. जिल्ह्यातून दरवर्षी ठरावीकच नावं घेतली जातात, त्यामुळे यंदा नाही झालं तर पुन्हा अर्ज करावा लागेल. अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत आप्पांनी अर्जच का केला नाही, हे त्यांना टोचून विचारू नका. हंगामात ते गावात नसतात आणि पावसाळ्यात शेतात असतात, कचेरीत कधी जाणार?

तरुणांची ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून घ्या. २६ ऑगस्ट २०२१ ला ते सुरू झालं, सोळा ते एकोणसाठ वयाच्या असंघटित कामगारांसाठी आहे, नोंदणी फुकट आहे आणि सुरुवातीला अपघाती मृत्यूला दोन लाखांचा विमा होता. आप्पाही अजून वयात बसतात. रात्रभर खेळ करून पहाटे टेम्पोत झोपून प्रवास करणाऱ्यांना अपघात विमा का हवा हे सांगायला नको. 'व्यवसाय' विचारतील तिथे लाजून 'मजूर' लिहू देऊ नका, कलावंतच लिहा.

सावकाराचं प्रकरण वेगळं धरा. वीस हजारांवर महिना पाच टक्के म्हणजे हजार रुपये नुसतं व्याज. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारकालाही बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपुढे जाता येत नाही, म्हणजे महिन्याला तीनशे. मुद्दलापेक्षा जास्त व्याजही वसूल करता येत नाही. आधी परवाना आहे का ते बघा. नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार होते. पण ही तक्रार आप्पांनी ठरवून करायची, तुम्ही परस्पर नाही, कारण उद्या अडीनडीला तोच सावकार त्यांच्या दारात उभा राहतो. तुमच्या पतसंस्थेतून पाच-सहा जणांच्या एकमेकांच्या जामिनावर छोटं कर्ज बसतं का, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. बसलं तर सावकार आपोआप सुटतो.

दोघी बहिणींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, की त्यांच्याकडे रेशनकार्ड नाही. मला पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ तीच वाटली. मोफत धान्य, माणशी पाच किलो, तेव्हा नोव्हेंबर २०२१ पर्यंत होतं, पण ते अंत्योदय आणि प्राधान्य कार्डावर. वर्षातले आठ महिने फडाबरोबर फिरणाऱ्या बाईचं नाव बहुतेक वेळा कुठल्याच कार्डावर नसतं किंवा भावाच्या कार्डावर असतं आणि धान्य तो उचलतो. त्यांचं स्वतंत्र कार्ड काढायला पुरवठा शाखेत अर्ज करा. त्यांचे पैसे त्यांच्याच खात्यात जाऊ द्या, भावाच्या नाही, फडमालकाच्याही नाही. आणि हे सगळं मंडळातल्या पोरांनी करू नये. गावातल्या अंगणवाडीताई, आशाताई किंवा बचतगटाच्या अध्यक्षा यांच्यामार्फत करा. नाचणाऱ्या बाईच्या दारात संध्याकाळी 'मदत विचारायला' जाणारे कोण असतात आणि त्या मदतीची नंतर काय किंमत लावतात, हे मी तुम्हाला समजावून सांगायची गरज नसावी.

मोबाइलवर कार्यक्रम करावेत असं कोणी सुचवलं तर करायला हरकत नाही, पैसे देऊन करा. फार आशा ठेवू नका. समोरून शिट्टी आल्याशिवाय बतावणी रंगत नाही आणि तुमच्या गावचं नेटवर्क वग संपेपर्यंत टिकत नाही.

आप्पांकडे जाताना हात मोकळे ठेवा. करार झाला की फोटो काढायचाच असेल तर करारावर सही करतानाचा काढा. सुपारी ठरवतानाचा फोटो ते स्वतः स्टेटसला ठेवतील.

आणि हे सगळं दसऱ्याच्या आत उरका. कापूस वेचणी सुरू झाली की आप्पा सकाळी सहाला कोणाच्या तरी वावरात असतील आणि बैठकीला तुम्हाला पुन्हा न वाजवणारी माणसंच सापडतील.